नर श्वानातील जन्मजात दोष आणि पाळणाऱ्याचे कर्तव्य

शहरांतील व्यापारी कुटुंबांत घरी कुत्रा पाळणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोठे गोदामाच्या राखणीसाठी, कोठे मुलांच्या हट्टासाठी, तर कोठे मुले परगावी गेल्यानंतर एकट्या राहिलेल्या वडीलधाऱ्यांना सोबत म्हणून पिल्लू घरी येते. ते घेताना त्याचा रंग, केसांचा पोत, कानांची ठेवण आणि वंशावळीचा कागद बारकाईने पाहिला जातो. किमतीची घासाघीसही होते. मालाची पारख हा ज्यांच्या पिढीजात व्यवसायाचा पाया, तीच मंडळी एक साधी तपासणी मात्र करून घेत नाहीत. नर पिल्लाचे दोन्ही वृषण आपल्या जागी उतरले आहेत की नाहीत, हा तो प्रश्न. विषय संकोचाचा वाटल्याने विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. या मौनाची किंमत पुढे सात-आठ वर्षांनी त्या मुक्या प्राण्यालाच मोजावी लागते.

नर श्वानाच्या जननसंस्थेत जन्मतः आढळणारे दोष अनेक प्रकारचे आहेत. त्यांतील काही अत्यंत विरळ, काही किरकोळ, तर काही जिवावर बेतणारे आहेत. सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा दोष म्हणजे वृषण खाली न उतरणे. पशुवैद्यकशास्त्रात त्यास गुप्तवृषणता म्हणतात. निरनिराळ्या पाहण्यांनुसार नर श्वानांपैकी साधारणतः १ ते १० टक्क्यांत हा दोष दिसतो. जात आणि प्रदेश यांनुसार प्रमाण बदलते. म्हणजे हा दोष क्वचितच दिसणारा असे म्हणून सोडून देता येत नाही.

निसर्गाची योजना

गर्भावस्थेत वृषणांची निर्मिती पोटात, मूत्रपिंडांच्या मागील टोकाजवळ होते. तेथून त्यांना जांघेतील एका अरुंद मार्गाने बाहेर, वृषणकोशात यावे लागते. या प्रवासात एक दोरीसारखा तंतुमय पट्टा त्यांना वाट दाखवितो. तो प्रथम फुगून मार्ग रुंद करतो आणि नंतर आक्रसून वृषणाला खाली ओढून घेतो. या साऱ्या क्रियेवर वृषणांतूनच स्रवणाऱ्या संप्रेरकांचे नियंत्रण असते.

मनुष्यात हा प्रवास बहुधा जन्मापूर्वीच संपतो. श्वानात तसे नाही. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वृषण पोटातच असतात. जन्मानंतर तीन-चार दिवसांत ते जांघेचा मार्ग ओलांडतात आणि सुमारे ३५ दिवसांच्या सुमारास आपल्या कायमच्या जागी पोचतात. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लात अनुभवी पशुवैद्यकाच्या बोटांना ते स्पष्ट लागतात. काही पिल्लांत थोडा विलंब होतो; म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंतिम निदान केले जात नाही. त्या वयापर्यंत जांघेतील मार्ग आक्रसून बंद झालेला असतो, आणि त्यानंतर वृषण आपोआप उतरण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो.

वृषण शरीराबाहेर असण्यामागे कारण आहे. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या उष्णतेहून काहीसे कमी तापमान लागते. पोटात राहिलेला वृषण त्या उष्णतेत शुक्रजंतू निर्माण करू शकत नाही. मात्र नरत्वाचे संप्रेरक तो निर्माण करीत राहतो. त्यामुळे दोन्ही वृषण पोटात असलेला श्वान वांझ असला, तरी त्याचे वागणे नराचेच असते. तो पाय वर करून लघवी करतो, माजावर आलेल्या मादीकडे धाव घेतो, अन्य नरांशी भांडतो. मालकास म्हणूनच काही उणे असल्याची शंका येत नाही.

एक खाली, एक वर

दोन्ही वृषण न उतरण्यापेक्षा एकच न उतरण्याचे प्रमाण अधिक आहे, आणि त्यातही उजव्या बाजूचे प्रमाण डाव्याहून जास्त दिसते. उजवा वृषण गर्भावस्थेत किंचित पुढे असतो व त्याला अधिक अंतर कापावे लागते, हे त्याचे एक कारण मानले जाते. राहून गेलेला वृषण पोटात असू शकतो, जांघेच्या मार्गात अडकलेला असू शकतो किंवा मार्ग ओलांडून वृषणकोशाच्या अलीकडे त्वचेखाली थांबलेला असू शकतो. एक वृषण मुळातच तयार न होण्याचे उदाहरण अतिशय विरळ आहे. म्हणून एकच वृषण हाताला लागला, तर दुसरा नाही असे समजू नये. तो शरीरात कोठे तरी आहे, असेच धरून चालावे.

लहान चणीच्या जातींत हा दोष विशेष आढळतो. टॉय पूडल, पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ, माल्टीज आणि छोटा डॅक्सहुंड यांची नावे त्यात नेहमी येतात. सदनिकेत राहणारी कुटुंबे नेमक्या याच छोट्या जाती पसंत करतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या जातींपैकी बॉक्सर आणि जर्मन शेफर्ड यांतही हा दोष दिसतो.

धोका कोठे आहे

पिल्लू खेळते, खाते, वाढते. पहिली काही वर्षे काहीच त्रास होत नाही. त्यामुळे पशुवैद्यकाने सुचविलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. तथापि पोटाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा संभव खाली उतरलेल्या वृषणाच्या तुलनेत सुमारे ९ ते १४ पट असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. वृषण पोटात असल्याने गाठ वाढत असताना ती दिसत नाही, हाताला लागत नाही. लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच काळ लोटलेला असतो.

या गाठींपैकी सर्टोली पेशींची गाठ विशेष घातक ठरते. तिच्यातून पुष्कळदा स्त्रीत्वाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवू लागते. अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस सारख्या प्रमाणात विरळ होतात, कातडी पातळ व काळपट होते, स्तनाग्रे वाढतात आणि अन्य नर त्याच्याकडे आकर्षित होतात. घरातील माणसे हा त्वचारोग समजून मलमे लावीत राहतात. खरी हानी आत, अस्थिमज्जेत होत असते. हे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास मज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते. तांबड्या पेशी कमी होऊन अशक्तपणा येतो, पांढऱ्या पेशी घटल्याने संसर्ग होतो आणि बिंबाणू घटल्याने रक्तस्राव होऊ लागतो. मज्जा पूर्णपणे दबण्यापूर्वी गाठ काढली, तर श्वान बहुधा सावरतो व केसही पुन्हा येतात. मज्जा निकामी झाल्यानंतर मात्र रक्त चढवूनही त्यास वाचविणे कठीण होते.

दुसरा धोका पीळ पडण्याचा. वृषणकोशात वृषण आपल्या जागी धरलेला असतो. पोटात तो सैल लोंबतो. त्यात गाठ होऊन वजन वाढले की तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. श्वान एकाएकी पोट आखडून उभा राहतो, अन्न टाकतो, उलट्या करतो, पोटाला हात लावू देत नाही. हा तातडीचा प्रसंग असतो आणि तासांचा विलंबही महाग पडतो.

दोष येतो कोठून

गुप्तवृषणता आनुवंशिक आहे, याबद्दल पशुवैद्यकांत दुमत नाही. पूर्वी ती एकाच अप्रकट जनुकामुळे येते असे मानले जाई; आज अनेक जनुकांचा त्यात भाग असावा असे समजले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की दोष दिसतो केवळ नरात, पण तो आई व बाप या दोहोंकडून येऊ शकतो. दुसरी अशी की दोषी नराच्या बहिणी वरकरणी निर्दोष दिसल्या, तरी पुढील पिढीकडे हा दोष नेऊ शकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की एक वृषण खाली असलेला नर बहुधा प्रजननक्षम असतो. त्यापासून पिल्ले होतात. एक नर अनेक माद्यांना लावला जात असल्याने दोष किती वेतांत पसरेल याचा हिशेब व्यापारी वाचकांना वेगळा सांगावयास नको.

आंतरराष्ट्रीय श्वानसंघ एफसीआय याच्या जातिमानकांत नराचे दोन्ही वृषण वृषणकोशात पूर्णपणे उतरलेले असावेत, अशी स्पष्ट अट असते. दोष झाकण्यासाठी वृषण शस्त्रक्रियेने खाली ओढून शिवणे किंवा संप्रेरकांची इंजेक्शने देणे हे प्रकार काही वेळा सुचविले जातात. इंजेक्शनांचा उपयोग खात्रीने सिद्ध झालेला नाही. आणि शिवून बसविलेला वृषण दोष लपवितो, जनुक बदलीत नाही. म्हणून जबाबदार पशुवैद्यक असे उपाय अनैतिक मानतात.

अन्य जन्मजात दोष

गुप्तवृषणतेखेरीज आणखी काही दोष कुटुंबाला माहीत असावेत. त्यांतील बरेचसे पिल्लाच्या लघवीकडे लक्ष दिल्यास लवकर कळतात.

काही पिल्लांत मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या टोकाशी न उघडता खालच्या बाजूस, कधी तर थेट गुदद्वाराच्या जवळ उघडते. गर्भावस्थेत दोन्ही बाजूंच्या घड्या जुळून मूत्रमार्गाची नळी पूर्ण व्हावयास हवी; ती जुळणी अपुरी राहिल्याने असे होते. बॉस्टन टेरियर या जातीत हा दोष अधिक आढळतो. लघवी अंगावर ओघळून कातडी सोलवटते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग पुनःपुन्हा होतो. सौम्य प्रकारात स्वच्छता पुरेशी होते. तीव्र प्रकारात शस्त्रक्रिया करावी लागते. अशा पिल्लांत वृषण न उतरण्याचा दोषही सोबत असू शकतो.

शिश्नावरणाचे छिद्र जन्मतः फारच लहान असल्यास लघवी आत साचून थेंब थेंब पडते, दुर्गंधी येते आणि दाह होतो. फारच लहान पिल्लात याकडे दुर्लक्ष झाल्यास जिवाला धोका संभवतो. छिद्र रुंद करण्याची शस्त्रक्रिया सोपी आहे. दुसऱ्या एका दोषात शिश्न व आवरण यांना जोडणारी पातळ पट्टी वाढीच्या वयात सुटावयास हवी ती सुटत नाही. शिश्न खाली वाकलेले राहते आणि लघवीची धार मागील पायांवर पडते. ही पट्टी पशुवैद्यक अल्पावधीत कापून मोकळी करतात.

वृषणापासून शुक्रजंतू नेणाऱ्या नळीचा काही भाग जन्मतः तयार न झाल्याचेही आढळते. असा श्वान अन्य बाबतींत निरोगी असतो. दोष दोन्ही बाजूंस असेल तरच तो वांझ ठरतो. अशा वेळी वीर्यातील अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची मात्रा मोजतात. हे विकर मुख्यतः अधिवृषणातून येत असल्याने त्याची मात्रा फार कमी असल्यास मार्ग अडला असल्याचे अनुमान निघते.

मिनिएचर श्नाउझर या जातीतील एक दोष तर चकित करणारा आहे. नर गर्भात गर्भाशयाची पूर्वरूप नलिका असते व ती एका संप्रेरकाच्या प्रभावाने विरून जाते. या जातीच्या काही नरांत त्या संप्रेरकाला ओळखणारा ग्राहक जनुकदोषामुळे निकामी असतो. परिणामी बाहेरून पूर्ण नर दिसणाऱ्या श्वानाच्या पोटात गर्भाशय राहून जाते. अशा नरांपैकी सुमारे निम्म्यांत वृषणही उतरलेले नसतात. पुढे त्या गर्भाशयात पू होऊन नर श्वान मादीच्या रोगाने आजारी पडतो. या दोषाचे जनुक सापडलेले असून त्याची चाचणी उपलब्ध आहे.

गुणसूत्रांचे दोषही असतात. श्वानाच्या पेशीत सामान्यतः ७८ गुणसूत्रे असतात. क्वचित नरात एक जादा एक्स गुणसूत्र येऊन ती ७९ होतात; त्याचे वृषण लहान राहतात व तो वांझ असतो. अमेरिकन कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत गुणसूत्रे मादीची असूनही वृषण तयार झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अशा प्राण्यांची हेटाळणी किंवा त्याग करण्याचे कारण नाही. योग्य तपासणी व उपचार मिळाल्यास त्यांतील बहुतेक चांगले आयुष्य जगतात.

उपचार आणि मनातील शंका

गुप्तवृषणतेवर पशुवैद्यकशास्त्राचा सल्ला एकच आहे: पोटात राहिलेला आणि खाली उतरलेला, असे दोन्ही वृषण शस्त्रक्रियेने काढावेत. पहिला रोग टाळण्यासाठी, दुसरा दोष पुढील पिढीत जाऊ नये म्हणून. सहा महिन्यांनंतर निदान पक्के झाले की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. मोठ्या जातीच्या श्वानात हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत काही पशुवैद्यक थांबतात. वृषण कोठे आहे हे सोनोग्राफीने शोधतात. पोटातील शस्त्रक्रिया नेहमीच्या निर्बीजीकरणापेक्षा मोठी असली, तरी तरुण व निरोगी श्वानात ती सुरक्षित मानली जाते. दत्तक घेतलेल्या श्वानाचे वृषण आधीच काढले आहेत की पोटात लपले आहेत, अशी शंका असल्यास रक्ततपासणीने तिचा उलगडा होतो.

येथे जैन कुटुंबात एक अडखळ येते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. प्राण्याचा अवयव छेदणे हे अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत गणले आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यवसायांत निर्लांछनकर्म येते, आणि त्याच्या स्पष्टीकरणात नाक टोचणे, डाग देणे यांबरोबर वृषणच्छेदाचाही उल्लेख आहे. त्यामुळे घरातील वडील मंडळी शस्त्रक्रियेस नकार देतात, तेव्हा त्या नकारामागे केवळ अडाणीपणा नसतो. जुनी व गंभीर परंपरा असते.

परंतु त्याच यादीत असतीपोषण हाही व्यवसाय वर्ज्य सांगितला आहे, आणि धनासाठी पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांत तेथे श्वानाचा उल्लेख आहे. या दोन्ही निषेधांचा रोख उपजीविकेकडे आहे. प्राण्याच्या देहाला व वंशाला नफ्याचे साधन करण्याकडे आहे. दोषी नर पैशासाठी माद्यांना लावणे हे या दृष्टीने निषेधाच्या अगदी मध्यभागी येते. आजार टाळण्यासाठी, भूल देऊन, प्राण्याच्या हिताकरिता केलेली शस्त्रक्रिया त्याच तोलाची धरता येईल काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येचा धागा प्रमादाशी जोडला आहे. धोका कळूनही डोळेझाक करणे आणि पुढे श्वानाला रक्तस्रावाने तडफडू देणे, हाही प्रमादच ठरतो. ज्यांचे मन तरीही तयार होत नाही, त्यांनी आपल्या गुरुजनांशी व पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावे. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय झाल्यास दोन बंधने मात्र स्वतःवर घालून घ्यावीत: त्या श्वानापासून संतती होऊ द्यावयाची नाही, आणि ठराविक काळाने सोनोग्राफी करून पोटातील वृषणावर आयुष्यभर लक्ष ठेवावयाचे. निर्णय न घेता वर्षे जाऊ देणे हा पर्याय नव्हे.

पिल्लू घेण्यापूर्वी

भारतात श्वान प्रजनन व विपणन नियम २०१७ साली लागू झाले. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्यास राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हे वय ग्राहकाच्या सोयीचेही आहे. कारण आठव्या आठवड्यात वृषण तपासता येतात. विक्रेत्याकडून नोंदणी क्रमांक मागावा, आई व बाप दोन्ही पाहावेत आणि आधीच्या वेतांत असा दोष दिसला होता काय, हे स्पष्ट विचारावे. पैसे देण्यापूर्वी पिल्लू पशुवैद्यकास दाखवावे व वृषणांची नोंद लेखी घ्यावी. थंडीने किंवा भीतीने पिल्लाचे वृषण वर खेचले जातात. म्हणून ते शांत व उबेत असताना तपासणी व्हावी.

घरात आधीपासून श्वान असल्यास त्यास अंघोळ घालताना दोन्ही वृषण हाताला लागतात काय, हे पाहावे. एकच लागल्यास घाबरून जाऊ नये आणि वाटही पाहत बसू नये. मोठी सोय मुंबईपुरती मर्यादित नाही. परळ येथे १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय व त्याच्या शेजारील १८८६ सालचे पशुवैद्यक महाविद्यालय जुने व परिचित आहेतच. राज्यात शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोला येथेही पशुवैद्यक शिक्षणसंस्था आहेत. सोनोग्राफीची सोय आता अनेक शहरांतील खासगी दवाखान्यांतही असते.

दोष असलेले पिल्लू घरी आलेच, तर ते परत करून त्याची जबाबदारी टाळण्याचा मोह होतो. परत गेलेले पिल्लू बहुधा स्वस्तात दुसऱ्या, अजाण घरी जाते किंवा प्रजननासाठी ठेवले जाते आणि दोष पुढे चालत राहतो. त्यापेक्षा ते आपल्याकडे ठेवून त्याच्यावर वेळेवर उपचार करावेत आणि विक्रेत्यास दोषाची लेखी सूचना द्यावी, म्हणजे त्या जोडीचे पुढील वेत थांबविण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल. गुप्तवृषणता असलेला श्वान वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास अन्य कोणत्याही श्वानाइतकेच निरोगी व दीर्घ आयुष्य जगतो. त्यासाठी आठव्या आठवड्यातील एक तपासणी, सहाव्या महिन्यातील दुसरी, आणि घरात या विषयावर संकोच न ठेवता झालेले बोलणे, एवढेच लागते.